मुक्ताचा उजवा हात

काही घरांत किस्से लग्नकार्यात जमतात. आमचे गाडीच्या डिकीत जमले, तबेल्यातल्या वाळूबरोबर. दर शनिवारी झाडून काढावी, पुढच्या शनिवारी पुन्हा तेवढीच! म्हटलं, वाळू राहू दे, निदान किस्से तरी सांगून टाकू.

माझ्या लेकीला, मुक्ताला, सोळाव्या वर्षी रोडिओ क्वीन व्हायचं होतं. शारजाच्या बाहेर डेना नावाच्या अमेरिकन बाईंचा तबेला आहे. दर हिवाळ्यात त्या काउबॉय पद्धतीच्या घोडेस्वारीचा मेळावा भरवतात आणि मुलींमधून एक राणी निवडतात. हॅट, भाषण वगैरे असतंच, पण खरा कस लागतो तो घोड्यावर. पुण्याला माझ्या आईला फोनवर हे सगळं नीट समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "राणी झाल्यावर अभ्यास कधी करणार?"

*

स्पर्धेत शेवटी रिंगणाला एक फेरी मारायची असते. घोडा भरधाव, डाव्या हातात लगाम आणि उजवा हात उंच करून लोकांना हसून अभिवादन. खोगिराला पुढे एक मूठ असते, तिला हॉर्न म्हणतात. फेरीत तिला हात लावला की मार्क गेले.

डिसेंबरात याच फेरीची प्रॅक्टिस करताना मुक्ता पडली. फार लागलं नाही, पण मी चपला तिथेच टाकून वाळूतून धावत सुटले. तोंडातून निघालं ते ती लहान असताना निघायचं तेच. अल मजाजमधल्या आमच्या टॉवरच्या लिफ्टला ती तेव्हा फार घाबरायची. दार उघडलं की मी म्हणायचे, "काही होत नाही. आई इथेच आहे. चला, पाय उचला."

मुक्ताने तोंडातली वाळू थुंकली आणि आजूबाजूला पाहिलं.

"मम्मा, प्लीज. नॉट हिअर."

इथली आमची मुलं अशीच. आपण मराठीत बोलायचं, त्यांनी इंग्रजीत उत्तर द्यायचं.

त्या दिवसापासून घोड्याने वेग घेतला की तिचा उजवा हात आपोआप हॉर्नला जाऊन चिकटायचा. डेनांनी स्पष्टच सांगितलं, हात सुटला नाही तर शेवटची फेरी विसरायची. मुक्ता घरी येऊन दार लावून बसायची. मला वाटायचं, खड्ड्यात जाऊ दे ते राणीपद. पण तिला तो हात सुटायला हवा होता, म्हणून मग मलाही हवा होता.

*

घोड्याला रिंगणात कुठून कुठे न्यायचं याचा नकाशा ठरलेला असतो. दोन गोल, मध्ये थांबा, एक गिरकी, मग सरळ दौड. मुक्ता गोंधळायची. माझा नवरा मंदार जबल अली बंदरावरच्या एका गोदामात कंटेनर कुठे लागतील ते ठरवतो, त्यामुळे नकाशा म्हटलं की त्याला स्फुरण चढतं. दिवाळीची उरलेली रांगोळी काढून त्याने हॉलभर तो नकाशा काढला. मग म्हणाला, घोड्याशिवाय अंदाज कसा येणार? आणि स्वतःच घोडा झाला! माझ्या ओढणीचा लगाम तोंडात धरून हा माणूस गुडघ्यांवर दौडतोय आणि मागे मुक्ता उजवा हात हलवतेय. घोडा बाबा असला की तिचा हात बरोबर सुटायचा.

खालच्या मजल्यावरच्या इजिप्शियन बाई आवाज ऐकून वर आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी रांगोळी पाहिली, ओढणी पाहिली, घामाघूम मंदारला पाहिलं. मला वाटलं, आता तक्रार वॉचमनकडे जाणार.

त्या हळूच म्हणाल्या, "हबीबती, माझा नवरा असा ऐकत नाही. हे किती दिवसांत शिकवलंस?"

*

हॅट पडली तरी मार्क जातात. त्यावर उपाय आमच्या सीमाताईंनी काढला. त्या शेजारच्या टॉवरमध्ये नाचाचे क्लास घेतात आणि गणपतीच्या कार्यक्रमात त्यांनी माळलेला गजरा आठवडाभर हलत नाही अशी त्यांची ख्याती आहे. त्यांनी मुक्ताची हॅट पिना लावून अशी काही बसवली की प्रॅक्टिस झाली, घरी आलो, हॅट निघेना. सीमाताई तोवर क्लासला गेलेल्या आणि फोन बंद.

फिजिक्सची ऑनलाइन ट्यूशन मुक्ताने तशीच केली. शिकवणारे केरळचे सर फार गंभीर. तासभर हॅटबद्दल अवाक्षर काढलं नाही. तास संपल्यावर म्हणाले, "आज लक्ष चांगलं होतं. बोर्डाच्या परीक्षेला हीच घाल."

*

मुक्ताच्या घोड्याचं नाव बिस्किट. संक्रांतीला मंदारने तबेल्यात सगळ्यांना तिळगूळ वाटला. बिस्किटलाच का वगळायचं, म्हणून त्यालाही कुंपणावरून दोन लाडू भरवले आणि गोड बोलायला सांगितलं.

बिस्किटने ते मनावर घेतलं. पुढच्या शनिवारी भर दौडीत तो मंदारसमोर करकचून थांबला आणि मान पुढे केली. दुसऱ्या फेरीत पुन्हा तेच. मंदार लाजून दुसऱ्या बाजूला गेला, तर घोडा तिकडे. डेना शिट्टी फुंकून दमल्या. शेवटी त्यांनी पार्किंगकडे बोट दाखवलं, "यल्ला पापा, खलास!"

तेव्हापासून मंदारने लेकीची सगळी प्रॅक्टिस गाडीत बसून, आरशातून पाहिली.

*

राणी कोण झाली ते आधीच सांगून टाकते. मुक्ता नाही, एक लेबनीज मुलगी झाली, आणि तिने ते कमावलं होतं.

स्पर्धेच्या दिवशी स्वतःचा घोडा मिळत नाही, चिठ्ठी टाकतात. मुक्ताच्या चिठ्ठीत सुलतान आला. काळा, उंचापुरा, पण लाउडस्पीकरला घाबरणारा. तिने नकाशा न चुकता पार पाडला. शेवटच्या फेरीसाठी फाटकाशी आली आणि नेमका स्पीकर खरखरला. सुलतान मागे सरकायला लागला. कान पाडलेले, अंगाला कापरं. मुक्ताचा उजवा हात गेला हॉर्नवर.

मी फाटकाला लागून उभी होते. पण काही बोलायची सोय नव्हती. नॉट हिअर, हे मला चांगलं लक्षात होतं.

मुक्ताने डोळे मिटून एक श्वास घेतला. हॉर्नवरचा हात सोडला, सुलतानच्या मानेवर ठेवला आणि वाकून त्याच्या कानाशी हलक्या आवाजात म्हणाली, "काही होत नाही. आई इथेच आहे. चला, पाय उचला."

सुलतानने पाय उचलला.

अख्खी फेरी तिचा हात वर होता. मला ती अर्धीच दिसली, बाकीची डोळ्यांतल्या पाण्यात गेली. मंदारने म्हणे पार्किंगमध्ये हॉर्न वाजवला.

फेरी संपल्यावर परीक्षक बाई, डेनांच्याच गावाकडच्या, मुद्दाम फाटकापाशी आल्या. एवढा बिथरलेला घोडा एका वाक्यात शांत झालेला त्यांनी पाहिला नव्हता म्हणे. तू त्याला सांगितलंस तरी काय, असं त्यांनी विचारलं.

मुक्ताने हॅट सारखी केली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नथिंग, मॅम. दॅट्स जस्ट व्हॉट यू से टू हॉर्सेस."