राखून ठेवलेले जवाब

हिंदी मुलखातल्या आमच्या चेरीताल वस्तीत समोरच्या घरात राहणारे रामकृष्ण अण्णा तोफगाड्यांच्या कारखान्यात फिटर होते. निवृत्त होऊन त्यांना अठरा वर्षं झाली. कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून पाहतात आणि चौथ्यांदा मला ओढायला लावतात. हा संशय कारखान्यातला नाही, गाण्यातला आहे, असं ते स्वतःच सांगत.

नोकरीला लागण्याआधी अण्णा तुमसरकडच्या त्यांच्या गावी शाहीर होते. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरायची आणि खड्या गंमतीचे, म्हणजे उभ्यानं गाऊन करायच्या तमाशाचे, दोन फड समोरासमोर उभे राहायचे. एक कलगीवाल्यांचा, एक तुरेवाल्यांचा. कलगीवाले शक्तीला मोठं मानत, तुरेवाले शिवाला. एकानं डफावर सवाल गायचा, दुसऱ्यानं गाऊनच जवाब द्यायचा. जवाब सुचला नाही तर वर्षभर हसं होई. म्हणून आपले जवाब बाहेर कोणाला ऐकवायचे नाहीत, अशी गुरूपुढे शपथ असे. अण्णा तुरेवाले. त्यांच्या थोरल्या भावाची सासुरवाडी कलगीवाल्या गावात होती, तर अण्णा त्याच्यासमोर गुणगुणतसुद्धा नसत. गणपतीत गल्लीतल्या स्पीकरवर गाणी लागली की ते खिडकीशी बसत आणि म्हणत, "आवाज मोठा आहे. पण समोर उत्तर द्यायला कोणी उभं आहे का?"

गेल्या डिसेंबरात अण्णांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल असं सांगितलं आणि पुढच्या मंगळवारची तारीख दिली. मी नागपूरच्या गीतांजलीबाईंना फोन केला. त्या कॉलेजात शिकवतात आणि जुनी लोकगीतं रेकॉर्ड करून ठेवतात. बुधवारी त्या आल्या.

अण्णा त्या दिवशी अकरा गाणी गायले. मी वहीत क्रमांक, पहिली ओळ आणि प्रकार असे रकाने पाडून लिहीत होतो. संध्याकाळी वही वाचताना लक्षात आलं की तिसऱ्या रकान्यात अकराही वेळा एकच शब्द होता, सवाल. जवाब एकही नाही. मी लगेच समोर गेलो.

"अण्णा, तुम्ही जवाब काहून नाही गायले?"

"कोणत्या फडाची आहे ती, विचारलं का तू?"

"त्या प्रोफेसर आहेत."

"प्रोफेसर आत्ता झाली. ठेका धरताना तिचा हात पाहिला का? अंगठ्यापासून सुरू करते. कलगीवाल्यांचा हात आहे तो."

दुसऱ्या दिवशी मी बाईंना दारातच विचारलं. त्या गोंधळल्या. मग म्हणाल्या, "आईचे वडील शाहीर होते. कलगीचे. पण तो फड मोडून पन्नास वर्षं झाली."

आतून अण्णा म्हणाले, "घ्या. चोर घरात आणून बसवला तू, दिवाकर."

अण्णांची सून अमिता चहा घेऊन आली होती. "बाबूजी, दीदी मेहमान हैं," ती हळूच म्हणाली.

"मेहमान आहे म्हणूनच चहा देऊन राहिलो."

मला राग आला. मी म्हणालो, "मंगळवारनंतर ते जवाब कोणाच्या कामाचे, अण्णा?"

अण्णांनी आपला कप बाजूला सरकवला. मग बाईंकडे न पाहता म्हणाले, "जवाब मागून मिळत नसतो. समोरून सवाल आला, तर मात्र द्यावाच लागतो."

बाईंनी कप खाली ठेवला आणि बारीक आवाजात सुरुवात केली, "दिवा आधी की ज्योत आधी, सांग तुरेवाल्या." अण्णांचा हात आपोआप टेबलावर पडला. ते गाऊ लागले, "दिवा नव्हता, ज्योत नव्हती, होता लावणारा." दोनदा आवाज फाटला, तरी पाचही कडवी त्यांनी पुरी केली.

"पुढचा?" त्यांनी विचारलं.

"मला एवढाच येतो. आजोबांनी आम्हाला शिकवलेच नाहीत."

"नातीपासूनही लपवले," अण्णा म्हणाले. त्या आठवड्यात ते पहिल्यांदा हसले. "माणूस पक्का होता. जा, मामाकडे विचार. माझं नाव नको सांगू."

बाई दुपारच्याच बसनं गेल्या आणि रविवारी तीन सवाल लिहून घेऊन परतल्या. अण्णांनी आधी कागद उजेडात धरून पाहिला. अक्षर कोणाचं, लिहिताना खोलीत कोण कोण होतं, हे विचारलं. मग डफ मागवला. दोन जवाब झाले. तिसऱ्याच्या आधी ते थांबले.

"दिवाकर, खिडकी लाव. खाली कोण उभं आहे?"

"गोरखपूरचा भाजीवाला आहे, अण्णा. त्याला मराठी येत नाही."

"येत नाही, असं तो म्हणतो."

मी खिडकी लावली. अण्णा गायले.

ऑपरेशन नीट पार पडलं. आता अण्णा पाटीवर लिहून बोलतात. औषधांच्या वेळा, भाजीचे भाव, अमिताच्या तक्रारी, सगळं लिहितात. बाईंकडे त्यांचे चार जवाब आहेत. आणखी किती होते, असं मी परवा विचारलं. अण्णांनी पाटी पुसली, उलटी करून मांडीवर ठेवली आणि दाराकडे पाहिलं.