पाणी न पिण्याची सवय

दारावर थाप पडली.

"आत कोण आहे?"

"मी, मॅडम."

"तू? आमच्या बाथरूममध्ये?"

बाहेर आले तर मॅडम ॲसिडची बाटली घेऊन उभ्या. आवाज चढला नव्हता. "सगळं परत धुऊन घे. आणि पुन्हा असं नको हं. हायजीन असतं प्रत्येकाचं."

तेच बाथरूम मी नुकतंच धुतलं होतं. रोज मीच धुवायची. परत धुतलं. वर "सॉरी मॅडम" म्हणाले. राग आला नाही. रडू नाही. काहीच आलं नाही.

मी हिंगोलीकडची. आठवीत शाळा सुटली. लग्नानंतर नवऱ्यामागं नेरळला आले. तो बिल्डिंगांना प्लास्टर करतो. इथं ओळखीचं कुणी नाही. मॅडमनी काम दिलं, थंडीत स्वेटर दिला. मी उपकार मानायची. पहिल्या दिवशी त्यांनी आडनाव विचारलं. सांगितलं. "बरं," म्हणाल्या. चहाचा कप वेगळा निघाला. तोही घेतला. काम सुटायची भीती.

खाली वॉचमनचा संडास होता. त्याला आतून कडी नाही. मग मी पाणी पिणंच सोडलं.

वरच्या मजल्यावर काम करणाऱ्या, पोशीर गावच्या कमलमावशी जिन्यात म्हणाल्या, "आमी उंटणी गं. सकाळी घरनं निघताना जायचं, मंग दिवस मावळल्यावर. मधी पानी पिऊच नाय." आम्ही हसलो. मीपण हसले.

घरात मॅडम लेकीच्या मागं बाटली घेऊन फिरायच्या. "पाणी पी गं. मुलींना इन्फेक्शन लवकर होतं." मी तिथंच फरशी पुसत असायची. घशाला कोरड. टीव्ही चालू असावा तसं ऐकायची.

मग लघवीला आग व्हायला लागली. लाजेनं कुणाला बोलले नाही. कंबर धरली, हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा नवऱ्यानं कर्जतच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

"पाणी पीत नाहीस?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही."

"का?"

सांगितलं. त्या लिहायच्या थांबल्या. "अडवून धरायचं नाही. भरपूर पाणी प्यायचं. किडनीपर्यंत गेलं तर जिवावर बेतेल."

म्हणजे मॅडम लेकीला सांगायच्या तेच. माझ्यासमोर रोज. ते माझ्याही अंगाला लागू आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

गोळ्या संपवून कामावर गेले. मॅडमनी बाथरूमचा ब्रश हातात दिला.

"मॅडम, डॉक्टरनी अडवू नको सांगितलंय. मी इथं जात जाऊ का?"

"खाली आहे ना?"

"त्याला कडी नाही."

"मग घरून जाऊन येत जा."

मी ब्रश उंबऱ्यावर ठेवला. "मग हे मी धुणार नाही."

"तुझ्यासाठी इतकं केलं मी!"

"केलंत," म्हणाले. खरंच केलं होतं. चपला घातल्या.

खाली कमलमावशी भेटल्या. "येडी हाईस का गं? मुतायपायी काम सोडलंस?"

"हो."

आता नव्या दारात पगाराचं बोलायच्या आधी हेच विचारते. बाथरूम वापरू द्याल? काही दारं तोंडावर लागली. लागू देत. जिथं मला जायची बंदी, तिथली घाण मी काढणार नाही. पिशवीत बाटली असते. बंद दारापुढंच उभी राहून पाणी पिते, आणि शेजारची बेल वाजवते.