शेवटच्या थांब्यावरचे तीन वटवटे

असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. जीवशास्त्र शिकवायचे हो मी! तरी लिहितेय... कारण हे ज्याला सांगायचं, तोच आता घरात नाही.

पुण्याला लागून लष्कराची सरावाची जमीन आहे. तिथे इमारती उठल्या नाहीत म्हणून गवत टिकलं, आणि त्यात गवत-वटवट्या — चिमणीएवढा, झपाट्याने कमी होत चाललेला गाणारा पक्षी. दर पावसाळ्यात मी आणि माझा नवरा सुधीर त्याची मोजणी करायचो. रविवारी, गोळीबार बंद असताना, सकाळी सहाला. सहा ठरलेले थांबे. प्रत्येक ठिकाणी रेकॉर्डर चालू ठेवून दहा मिनिटं गप्प उभं राहून गाणारे नर मोजायचे.

साठीनंतर सुधीरला ती बारीक शीळ ऐकू येईना. मग नवा पक्षी गायला की मी त्याच्या मनगटावर बोट टेकवायचे, तो नोंद करायचा. म्हणायचा, "पक्षी ऐकू येत नाही, बायको मात्र स्पष्ट येते. काय हा निसर्गाचा न्याय!"

मागच्या वर्षी मार्चमध्ये तो गेला. हार्ट अटॅक. जुलैत मी एकटीच गेले. सोबतीला दिलेले हवालदार जीपपाशी थांबले. पाच थांबे झाले — एकही शीळ नाही. वाटलं, तोही गेला, हेही संपले. शेवटच्या थांब्यावर, जीपच्या जवळच, रडू आवरत उभी होते... आणि डाव्या मनगटावर बोट टेकलं. कोमट, ओळखीचं. मग परत. मग तिसऱ्यांदा. आसपास नुसतं गवत. मी कागदावर तीन रेघा मारल्या.

हवालदार म्हणाले, "मॅडम, काय गात्यात ओ पाखरं हितं!"

"तुम्हाला ऐकू येतंय?"

"म्हंजी? तुमास्नी न्हाई?"

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बारीक आवाज ऐकण्याची माझी शक्ती गेलीय. मग माझ्या विद्यार्थिनीने, ऋतुजाने, त्या दिवशीचं रेकॉर्डिंग ऐकलं. आधीचे पाचही थांबे खरोखर रिकामे. शेवटच्यावर तीन नर.

कानांचं समजलं. मनगटाचं नाही. दुःखात भास होतात हे मीच वर्गात शिकवलंय... पण भासाचा आकडा बरोबर कसा येतो?

यंदा ऋतुजा मोजायला आली. शेवटच्या थांब्यावर मी बाही दुमडून, हात किंचित पुढे धरून उभी राहिले.

"मॅडम, दहा मिनिटं झाली. दोन मिळाले."

"अजून थोडं थांबू या गं."

ती थांबली. ऊन वर आलं. काहीच झालं नाही.