साडूंची अखंड वायर

आमचे साडू पुस्तकबांधणीच्या कारखान्यात दिवसभर सपासप कागद कापतात आणि घरी आले की सुतळीसुद्धा कापत नाहीत; गाठ सोडवत बसतात. वायर तर नाहीच नाही. "कापलेली वायर पुन्हा लांब होत नाही, साडूभाऊ," हे त्यांचं तत्त्वज्ञान. त्यांच्या इस्त्रीच्या वायरीत पाय अडकून मी एकदा बैठकीत पडलो, तेव्हा इस्त्री स्वयंपाकघरात होती.

परवा आमच्या दोघांच्या सासऱ्यांवर, म्हणजे अप्पांवर, संकट आलं. नजर गेल्यापासून त्यांच्या उशाशी पत्त्यांच्या जोडाएवढा एक संगणक असतो. तो बाईच्या आवाजात पुस्तकं वाचून दाखवतो. कादंबरी शेवटच्या प्रकरणावर आली आणि गल्लीतली वीज दिवसभरासाठी गेली.

"खुनी कोण ते कळल्याशिवाय मी जाणार नाही," अप्पा म्हणाले, "पण या वयात वर माझं कोण ऐकतं?"

साडूंनी स्कूटरची बॅटरी काढून आणली. बॅटरी बारा व्होल्टची, संगणकाला हवेत पाच. मधे व्होल्ट उतरवणारी बोटभर पट्टी लावली. तिचा स्क्रू साडू फिरवत होते. मीटर माझ्याकडे होता, कारण काही न करता महत्त्वाचं दिसणं मला जमतं.

"पाच," मी निकाल दिल्यासारखं म्हणालो.

संगणक जोडला. "नमस्कार. प्रकरण बारावं," बाई म्हणाली आणि गप्प झाली. संगणक बंद पडून आपोआप सुरू होई आणि पुन्हा "नमस्कार." अप्पा दर वेळी हात जोडत होते.

"जावईबापू," ते शेवटी म्हणाले, "तुमच्या हातून ही फार सुशील झाली. पण खुनाचं काही बोलेना."

मी संगणकाला दोष दिला, बॅटरीला दिला, कादंबरीलाही दिला. संगणक काढून पुन्हा मोजलं. पाचच.

कपड्यांच्या घड्या घालणारी मेहुणी नवऱ्याला म्हणाली, "अहो, ती बोलत असताना मोजा ना. रिकाम्या रस्त्यावरून सगळेच वेळेवर पोचतात."

मोजलं. संगणकापाशी साडेचारही नव्हते. उरलेले वाटेतच खर्ची पडत होते. आणि वाट म्हणजे काय, तर पट्टी आणि संगणक यांच्यात अंतर वीतभर, पण मधे साडूंच्या बारीक वायरचं अख्खं भेंडोळं. इतका वेळ मी त्याच भेंडोळ्यावर कोपर टेकून विचार करत होतो.

साडूंनी कात्री उचलली. खाली ठेवली. "गुंडाळी जरा सैल केली तर?"

"राहू दे तुमची वायर," मेहुणी म्हणाली. "मी वाचलीय ती कादंबरी. खुनी कोण ते मीच सांगते अप्पांना."

"सांगितलंस तर तुझं माहेर बंद," अप्पा म्हणाले.

साडूंनी डोळे मिटून वायर कापली. वीतभर तुकडा जोडला. या वेळी बाईने एकदाच नमस्कार केला आणि थेट खुनापर्यंत वाचत गेली. साडू कापलेलं भेंडोळं मांडीवर घेऊन ऐकत होते.

खुनी माळी निघाला. कात्रीनेच केलं होतं त्याने.

"मन घट्ट करावं लागलं असेल बिचाऱ्याला," साडू म्हणाले.