तोंडपाठ माप

मास्तरांचं शिवणाचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत, आणि त्यांचा तोरा दुकानापेक्षा मोठा. बायकोचे कपडे बेतताना त्यांना टेप लागत नसे. लग्नानंतर एकदाच माप घेतलं, तेव्हापासून तोंडपाठ. "हिचं माप माझ्या बोटांत आहे," असं ते गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत. आतून ती काहीच बोलत नसे. मास्तरांना वाटे, लाजली. लाजतेय कसली! अशा माणसाशी बोलायचं तरी काय?

मग ती लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि तिकडेच राहिली. नातू घरभर धावू लागला तरी हिचं फोनवर आपलं "बघू". इकडे घर मास्तरांना खायला उठलं. शेवटी त्यांनी मानपान गुंडाळून ठेवला, जीव ओतून तिच्यासाठी एक कोट शिवला आणि तिला आणायला स्वतः गेले.

तिने कोट अंगात घातला. बाह्या दंडातच अडकल्या, पुढची गुंडी काजापर्यंत पोचेना.

लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही शिवलेला एकही कपडा आईने उसवल्याशिवाय घातलेला नाही. शिवणीत दाबलेलं जादा कापड सोडून सोडून संपलं, मग काखेत पट्ट्या जोडायची. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. बायकोकडे वळून म्हणाले, "अगं, मग सांगायचं नाहीस?"

"सांगितलं होतं की. तुम्ही म्हणालात, माझं माप चुकत नाही, तूच सुटलीयेस. गिऱ्हाईक बसलं होतं समोर. तेही हसलं."

मास्तरांना ते गिऱ्हाईक आठवेना, हसणं मात्र आठवलं. घाईघाईने त्यांनी खिशातून टेप काढली. "उभी राहा बघू. आत्ता घेतो."

"राहू द्या हो." ती रागावलीही नव्हती, आणि त्याचीच मास्तरांना भीती वाटली. "इथे कोपऱ्यावर एकजण शिवतो. तो आधी विचारतो, कुठे काचतं का? पहिल्यांदा मला सांगताच येईना. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. आता येतं सांगता."

काय काचतं, एवढंच मास्तरांनी विचारायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण उत्तर कापडाचं नसणार, हे त्यांना कळून चुकलं होतं. त्यांनी गाडी किती वाजता आहे ते विचारलं, आणि एकटेच परत आले.