देव मागे लागलाय

धाटावच्या कंपनीत शिफ्ट सुटली की चहावर मित्र विचारतात, या रविवारी तुमच्या चर्चमध्ये काय झालं? पेण-रोह्याचे मिळून आम्ही कॅथलिक मूठभर. पण मूठभर माणसांत किस्से मात्र पोत्यानं साठतात.

नवे फादर केरळचे. मराठी वह्या भरून शिकलेले. पहिल्याच प्रवचनात 'देव तुमच्या पाठीशी आहे' म्हणायचं होतं, म्हणाले, "घाबरू नका, देव तुमच्या मागे लागला आहे."

सगळे माना खाली घालून हसू दाबत होते. नदीपलीकडच्या अष्टमी गावच्या रोझीमावशीनं मासळी विकून एकटीनं पोरं वाढवली. ती शांतपणे म्हणाली, "खरं हाय फादर. नवरा गेला तवापासून सोडतच नाय."

*

मग बिशपांकडून प्रश्न आले: चर्च कसं असावं, ते लोकांनीच सांगा. आजवर आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे कुणी बोलेना. शेवटी रिटायर झालेले पास्कल सर उठले आणि म्हणाले, "पूर्वी होतं तसं."

फादरांनी तेही लिहून घेतलं.

*

तरी बदल आलाच. ख्रिस्तप्रसादाची भाकर आजवर फक्त फादरच जिभेवर ठेवायचे; आता ती वाटायला फादरांनी आपल्या शेजारी रोझीमावशीला उभं केलं. पास्कल सर तिची रांग सोडून फादरांच्या रांगेत गेले. वर्षभर हेच.

मग सरांचा पाय मोडला. घरी प्रसाद घेऊन पूल ओलांडून मावशीच आली. सर बराच वेळ तिच्या हातांकडे बघत राहिले. हात धुतलेस का, असं त्यांनी विचारलं. दोनदा धुतले, तुमच्यासाठी म्हणून, असं ती म्हणाली. सरांनी तोंड उघडलं.

बरे झाल्यावर सर तिच्याच रांगेत उभे राहू लागले. फादरांनी कारण विचारलं तर म्हणाले, "ही रांग लवकर सरकते."

*

येशूनं शिष्यांचे पाय धुतले, म्हणून पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. पूर्वी फक्त पुरुषांचे, आता बायकांचेही. यंदा अकरा जण बसले, बारावं कुणी मिळेना. मावशीसोबत तिची मैत्रीण पार्वती आली होती. पार्वती हिंदू, पेणकडच्या मिठागरात कामाला, चर्च कसं असतं ते बघायला आलेली. मावशीनं तिलाच खुर्चीत बसवलं.

पार्वतीचे पाय मिठानं फाटलेले. ती ते लुगड्याखाली ओढून घेत होती. फादर गुडघ्यांवर बसले, भेगांना झोंबू नये म्हणून हळूहळू पाणी ओतलं, पाय पुसले आणि त्यांवर ओठ टेकले.

फादर उठायला लागले, तेव्हा पार्वतीनं त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि खुर्ची रिकामी केली.

"बसा," ती म्हणाली. "आता तुमचं पाय."

फादर बसले.