वास

आपलं रफू शोधून दाखवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं रफूमास्तर स्वतःच सांगत. फुशारकी होती, पण खोटी नव्हती. ड्रायक्लीनिंगच्या दुकानातल्या मागच्या खोलीत, खिडकीखाली त्यांची बैठक. सिगारेटनं कोटाला भोक पडलेलं असो की उंदरानं शाल कुरतडलेली असो, मास्तर त्याच कापडाच्या आतल्या कडेचे धागे ओढून काढत आणि भोक असं बुजवत, की फाटलं नेमकं कुठं होतं हे गिऱ्हाईकच विसरून जाई. अशा या लपवण्यात तरबेज माणसानं साठी उलटल्यावर स्वतःचं दुखणंही लपवलं.

लघवीला जायचं, ताटकळत उभं राहायचं आणि चार थेंबांवर समाधान मानून परत यायचं, असं चाललं होतं. पुढे पुढे तर ते थेंबही भलत्या वेळी, हातात सुई असताना आपोआप गळू लागले. बायको म्हणाली, "अहो, डॉक्टरांना दाखवा की!" तर मास्तर तिच्यावरच खेकसले. परक्या माणसापुढे नाडी सोडायच्या नुसत्या कल्पनेनं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई. त्यांनी आपल्या विजारीला आतून जाड कापडाची दुहेरी घडी शिवून घेतली. टाका अर्थातच दिसत नव्हता. वास मात्र येत होता.

त्याच खोलीत समोरच्या टेबलावर दादा इस्त्री करत. वयानं मास्तरांपेक्षा मोठे, कित्येक वर्षांचे सोबती. एकमेकांची टर उडवल्याशिवाय दोघांच्या घशाखाली दुपारचा चहा उतरत नसे. एकदा दुकानाची मालकीण नाकावर रुमाल धरून आत आली आणि दादांकडे बघून म्हणाली, "दादा, राग मानू नका. वय झालं की असं होतं माणसाचं. घरच्यांना जरा लक्ष द्यायला सांगा."

दादा गोरेमोरे झाले. ती गेल्यावर त्यांनी विचारलं, "खरं सांग रे मास्तर, माझा वास येतो? वाफेत उभा राहून राहून माझं नाक कधीच कामातून गेलंय."

एक शब्द पुरला असता. मास्तर मूग गिळून सुईत दोरा ओवत बसले. सुईत दोरा आधीच होता. दादांनी त्या गप्प बसण्याचा अर्थ घ्यायचा तो घेतला आणि आठवडा संपायच्या आत काम सोडलं. मग मालकिणीनं टेबलावरचं इस्त्रीचं जुनं कांबळंही फेकून दिलं. वास त्यात मुरलाय म्हणे! मास्तरांनी तेही खाली मान घालून बघितलं. दादांच्या घराकडे फिरकायची तर त्यांची छातीच झाली नाही.

मग मास्तरांचे पाय सुजले, अन्नावरची वासना उडाली आणि एका सकाळी ते उठलेच नाहीत, त्यांना उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. तिथं नळी घातली, तशी पलंगाला अडकवलेली पिशवी बघता बघता भरली.

डॉक्टरीणबाई वयानं त्यांच्या मुलीएवढी. तिनं नीट समजावून सांगितलं. "काका, प्रोस्टेटची ग्रंथी वाढून वाट अडली होती. तुंबलेल्या लघवीचा दाब मागे किडनीपर्यंत गेला. किडनीत केसाहून बारीक नळ्या असतात. त्या फुगल्या, त्यांच्या पेशी सतत ताणल्या गेल्या. ताण बसला की पेशी दुरुस्तीची हाक देतात, मग तिथं चिवट धागे तयार होतात. ताण हटलाच नाही, तर धाग्यांवर धागे चढत जातात. त्यालाच व्रण म्हणतात."

"म्हणजे रफूच की," मास्तर पुटपुटले. नको इतकं दाट रफू केलं की कापड ताठ होतं, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. "आता दाब गेला ना? मग होईल सगळं पहिल्यासारखं?"

"नुसतं ताणलेलं असेल ते थोडंफार सावरेल. व्रण झालाय तो भाग परत येत नाही. एवढे दिवस का थांबलात, काका?"

मास्तरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी दादा भेटायला आले. मास्तरांच्या घरून त्यांचा सदरा मागून नेऊन, कडक इस्त्री करून घेऊन आले होते. बायकोनं पलंगाजवळ स्टूल सरकवलं, पण दादा दाराशीच थबकले.

"इथंच बरा आहे मी, वहिनी. आजारी माणसाला आणखी माझ्या वासाचा त्रास कशाला?"

पांघरूण पलंगाखालपर्यंत लोंबत होतं, पिशवी झाकलेली होती. आताही गप्प बसता आलं असतं. मास्तरांनी पांघरूण बाजूला सारलं.

"दादा, वास तुमचा नव्हता. माझा होता. तेव्हाही ठाऊक होतं मला."

दादा पिशवीकडे बघत राहिले. त्यांनी शिवी दिली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. दादांनी फक्त आपल्या शर्टाची बाही नाकाशी नेली, हुंगली आणि हात खाली सोडला.

"नातीला तेव्हापासून मांडीवर घेतलं नाही रे मी," ते म्हणाले. "बाहेर व्हरांड्यात झोपतो. आधी रडायची माझ्याकडे यायला. आता हाक मारली तरी येत नाही."

सदरा दाराजवळच्या खुर्चीवर ठेवून ते निघून गेले. बायकोनं तो उचलून मास्तरांपुढे धरला. घडी अजून कोमट होती. मास्तरांना तो हातात घेववेना.